वीस मिनिटांचं गणित जरा तपासा

एकट्याने शिडाची होडी नेणाऱ्यांसाठी '२० मिनिटं डुलकी, मग क्षितिजावर नजर' हा नियम एका लेखात सरसकट दिलाय. जहाजांच्या मार्गात तो पुरत नाही. ५० मीटरहून लांब जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा नियमानुसार किमान ६ सागरी मैलांवरून दिसावा लागतो. ते २० नॉटने (म्हणजे ताशी २० सागरी मैल) समोरून येतंय आणि तुम्ही ६ नॉटने जाताय, तर ते अंतर १४ मिनिटांतच संपतं.

तिथे एआयएसचा (जहाजं रेडिओवरून आपली जागा आणि वेग कळवतात ती यंत्रणा) गजर असा लावा, की एखादं जहाज २ मैलांच्या आत येणार असेल तर तो ३० मिनिटं आधी वाजेल. गाढ झोपेतून उठल्यावर डोकं ताळ्यावर यायलाही वेळ लागतो. आणि भोंगा वेगळा, उशाशी हवा. चार्टप्लॉटरची (नकाशा दाखवणाऱ्या पडद्याची) पिकपिक लाटांच्या आवाजात कोण ऐकणार!

कोकणातल्या कितीतरी लहान मच्छीमार होड्या एआयएसवर दिसतच नाहीत, जाळी तर सहसा नाहीच. तो पट्टा दिवसा, जागेपणी ओलांडा. आदल्या दोन रात्री भरपूर झोपून निघा.

विंडव्हेनवर (वाऱ्याच्या दिशेनुसार सुकाणू सांभाळणारं यंत्र) होडी सोपवून झोपणाऱ्यांनी दिशा बदलल्याचा गजरही लावावा. वारा फिरला की होडी त्याच्यामागे निमूट वळते, शिडं फडफडतसुद्धा नाहीत.