खडकाची ताकद आणि ती मोजण्याची रीत: एका आक्षेपाला उत्तर

‘खडकाची दाबशक्ती, म्हणजे तो फुटेपर्यंत जितका दाब सोसतो तो, हा त्याचा अंगभूत गुण आहे, दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील तर एकीचे चुकले असणार, आणि चुकीची कोणती ते कळत नसेल तर सरासरी घ्यावी,’ असा खडकांच्या दाबशक्तीचा तक्ता दिलेल्या माझ्या लेखावर आपला आक्षेप आहे. निष्काळजीपणामुळे आकडे बिघडतात, हे मलाही मान्य आहे. परंतु दोन्ही ठिकाणी काम बिनचूक झाले, तरी आकडे वेगळे येऊ शकतात, आणि त्यामागची कारणे समजावून घेण्यासारखी आहेत.

दंडगोलाकार नमुना पोलादी तबकड्यांमध्ये दाबला की तो आडवा फुगू पाहतो. टोकांशी होणारे घर्षण त्याला फुगू देत नाही, म्हणजेच तेथे खडकाला बाजूने आयता आधार मिळतो. नमुना आखूड असेल, तर दोन्ही टोकांचे हे आधारलेले भाग मधोमध एकमेकांना भिडतात आणि आकडा वाढतो. असा फुटलेला नमुना हातात घेऊन पाहावा: कडेचे तुकडे गळून पडलेले असतात आणि टोकाला टोक लावलेले दोन शंकू शिल्लक राहतात. आंतरराष्ट्रीय शैलयामिकी संघटनेने सुचवलेल्या पद्धतीत लांबी व्यासाच्या 2.5 ते 3 पट ठेवायला सांगितली आहे, ती याच कारणाने.

आकारमानाचेही तसेच आहे. होक आणि ब्राउन या शैलयामिकीच्या अभ्यासकांनी 1980 मध्ये मांडलेल्या संबंधानुसार नमुन्याचा व्यास 50 मिलिमीटरवरून 100 मिलिमीटर केला, तर दाबशक्ती सुमारे 12 टक्क्यांनी घटते, कारण मोठ्या नमुन्यात कमकुवत भेग सापडण्याची शक्यता अधिक असते. भार वेगाने चढवला तर आकडा वर जातो. वालुकाश्म पाण्याने भिजलेला असेल तर आकडा खाली येतो. लवचिकतेचा गुणांक, म्हणजे दाबाखाली खडक किती ताठ राहतो याचे माप, काढताना तबकड्यांमधले अंतर मोजले, तर यंत्राचे आणि सांध्यांचे दबणेही त्यात मिसळते, आणि नमुन्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजच्या (त्याचे आकुंचन थेट मोजणाऱ्या पट्टीच्या) तुलनेत खडक उगाचच मऊ दिसतो.

म्हणूनच सरासरीची सूचना मला स्वीकारता येत नाही. आखूड व कोरड्या नमुन्याचा आकडा लांब व ओल्या नमुन्याच्या आकड्यात मिसळून जी संख्या निघेल, ती कोणत्याच खडकाची नसेल, आणि बोगद्याचे आधार ठरवणारा अभियंता मात्र तिच्यावर विसंबेल. मूळ लेखातील तक्त्यात नमुन्याचा व्यास, लांबी, ओलावा आणि भार चढवण्याचा वेग हे रकाने असायलाच हवे होते. आपल्या आक्षेपामुळे ती उणीव लक्षात आली, आणि ते मी आजच जोडत आहे.