कोवळ्या सागाचा ट्रक आणि जंगलतोड : एका प्रतिक्रियेला उत्तर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या लाकूड आगारावरचा माझा लेख वाचून चिपळूणच्या एका वाचकांनी चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या संसद भवनाला आणि अयोध्येच्या मंदिराला इथलं सागवान गेलं म्हणून छाती फुगवायचं कारण नाही. ‘शाश्वत तोड’ ही निव्वळ पळवाट आहे. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या रस्त्यावर कोवळ्या सागांनी भरलेला ट्रक त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. आणि आता दारं-खिडक्या ॲल्युमिनिअम नाहीतर यूपीव्हीसीच्याच (म्हणजे कडक प्लास्टिकच्या) कराव्यात, लाकूड बंद. शेवटी मला ‘लाकूड व्यापाऱ्यांचा वकील’ ही पदवीही बहाल केली आहे. सुताराच्या घरात वाढलो, तेवढी वकिली मान्य. उत्तर लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय.

आधी तो ट्रक. पातळ, सरळसोट, एकाच वयाच्या बल्ल्या असतील तर तो बहुधा विरळणीचा, म्हणजे दाट लागवडीतून मधली झाडं काढून टाकतात त्याचा, माल होता. सागाची लागवड करताना वर्षभराच्या रोपाचा शेंडा छाटून खोड जेमतेम इंचभर ठेवतात, खाली वीतभर मूळ. पहारेनं भोक पाडून ही काडी जमिनीत दाबायची. दोन-दोन मीटरवर लावलं की हेक्टरी 2500 झाडं होतात. एवढी दाटी मुद्दाम केलेली असते, कारण शेजारी झाड असलं की साग फांद्या न पसरता सरळ वर जातो. पण साग उन्हाचा भुकेला. शेंडे एकमेकांना भिडले की वाढ खुंटते आणि सगळाच प्लॉट किडमिडीत राहतो. म्हणून पाच-दहा वर्षांनी पहिली विरळणी, मग ठरावीक अंतरानं पुढच्या. साठ-ऐंशी वर्षांनी शेवटची तोड येते तेव्हा मूळच्या 2500 पैकी फार थोडी झाडं उभी असतात, पण तीच दाराच्या चौकटीची असतात. मधल्या बल्ल्या गोठ्याला, मांडवाला, कुंपणाला जातात. तुम्हाला जी कोवळी झाडं कापल्यासारखी वाटली, ती काढली नसती तर मोठी झाडं झालीच नसती.

आता ‘झाड तोडलं ते तोडलंच, हिशोब कोण ठेवतो?’ या तुमच्या प्रश्नाबद्दल. हिशोब बुंध्यावर असतो. ज्या कूपाची, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याची, त्या वर्षी पाळी आहे, तिथं तोडीआधी मार्किंग होतं. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर, झाडाचा घेर घेतात. दोन ठिकाणी साल तासून नंबर घालतात, एक वर आणि एक अगदी मुळाशी, आणि मुळाशी हातोड्याचा ठसाही मारतात. झाड तोडून नेलं तरी खालचा ठसा खुंटावर राहिला पाहिजे. तपासणीला आलेला माणूस खुंट मोजतो, ठसे बघतो. ज्या खुंटावर ठसा नाही ते झाड चोरीचं. खुंटही जमिनीलगत, थोड्या उतारानं आणि गुळगुळीत कापायचा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही आणि पावसाळ्यात जमिनीलगत फुटवे येतात. साग खुंटापासून जोमानं फुटतो. पुढचं जंगल काही अंशी तिथूनच उभं राहतं.

आगारातल्या लठ्ठ्यावर हेच नंबर पुढं चालत येतात. तिथली मोजणी गंमतशीर आहे. लठ्ठ्याच्या मधोमध टेप गुंडाळून घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा करायचा, त्याचा वर्ग आणि गुणिले लांबी. 120 सेंटीमीटर घेराचा तीन मीटर लठ्ठा या पद्धतीनं 0.27 घनमीटर भरतो, खरं तर त्यात 0.34 लाकूड असतं. मधलं एकवीस-बावीस टक्के चिराईत वाया जाणार हे गृहीत धरून सोडलेलं आहे. आरामशीनवर प्रत्यक्षात त्याहून जास्त जातं. गोल लठ्ठ्यातून निम्म्याच्या आसपास कामाचं चिराण निघालं तरी मालक खूश. साल, बाहेरचं पांढरं लाकूड, भुस्सा हे सगळं बाजूला पडतं. सागाचं नाव होतं ते गाभ्यामुळं. पांढऱ्या लाकडाला कीड आणि वाळवी दोन्ही लागतात. वडील चौकटीच्या कोपऱ्यात पांढरी कड दिसली की ती फळी परत पाठवायचे, दुकानदार कितीही ओरडो.

पण तुमच्या-माझ्यातला खरा मतभेद ‘जंगलतोड’ कशाला म्हणायचं याचा आहे. माझ्या लेखी झाड पडलं आणि त्या जमिनीवर पुन्हा जंगल उभं राहिलं तर ती तोड. झाड पडलं आणि तिथं खाण, रस्ता, प्लॉटिंग किंवा एकपिकी बाग आली तर ती जंगलतोड. पहिल्यात लाकूड बाजारात दिसतं म्हणून आपला राग तिच्यावर निघतो. दुसऱ्यात लाकूड जळणाला जातं आणि जमीन कायमची जाते, तिचा बोभाटा कमी.

तोड पूर्ण थांबवली तर? 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन प्रकरणात मंजूर कार्य आयोजनेशिवाय (कुठं, कधी, किती तोडायचं याच्या वनखात्याच्या आराखड्याशिवाय) जंगलातली तोड थांबवली. निकाल आवश्यकच होता, बेबंद तोडीला त्यानं वेसण घातली. पण दारं-खिडक्या लागायच्या थांबल्या नाहीत. त्याच काळात आयात खुली होत गेली आणि मागणी बंदरांवर गेली. आज गांधीधामच्या आरामशीनींवर न्यूझीलंडचं पाइन चिरलं जातं, पुण्या-मुंबईच्या दुकानांत घाना आणि इक्वेडोरचं सागवान मिळतं. म्यानमारनं 2014 साली ओंडक्यांची निर्यात बंद केली, तोवर तिथल्या जंगलांवर आपलाही भार होता. चंद्रपुरातली तोड निदान तुम्ही-मी जाऊन बघू शकतो. इक्वेडोरच्या खुंटावरचा ठसा बघायला कोण जाणार?

ॲल्युमिनिअमबद्दल तर तुम्ही कोकणातून लिहावं याचं नवल वाटलं. ते बॉक्साइटपासून होतं, आणि बॉक्साइट कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवरूनही (डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारांवरूनही) खणलं जातं, म्हणजे तुमच्याच सह्याद्रीच्या माथ्यावरून. वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो आणि चौकट उभी असेतो तो तिथंच राहतो. यूपीव्हीसीची खिडकी लावा, हरकत नाही, पण तिला ‘पर्यावरणपूरक’ म्हणू नका.

तुमचा एक मुद्दा मात्र मला शंभर टक्के पटतो, आणि तो तुम्ही एका वाक्यात उरकलात. सागाची लागवड म्हणजे जंगल नव्हे. 1974 साली वनविकास महामंडळ निघालं आणि ‘कमी किमतीचं’ म्हणून मिश्र जंगल काढून साग लावण्याचा सपाटा सुरू झाला. किंमत ठरवली ती लाकडाच्या बाजारानं. त्या जंगलातल्या मोह, चारोळी आणि तेंदूवर ज्यांचं वर्ष निघतं त्यांना कुणी विचारलं नाही. वनहक्क कायद्यानं 2006 नंतर गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) आणि बांबू गावाच्या हाती आला, इमारती लाकूड आलं नाही. मग ग्रामसभांनी तोडीला विरोध केला तर दोष त्यांचा कसा? कार्य आयोजना कितीही काटेकोर असो, ती गावात मराठीत वाचून दाखवत नाहीत तोवर ‘शाश्वत’ हा शब्द मीही जपूनच वापरेन.

आणि तुमच्या गावाकडचं. रत्नागिरी जिल्ह्यात जंगल बहुतेक मालकीचं. तिथली ऐन, किंजळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, तोडायला परवानगी लागते. ऐन-किंजळही खुंटापासून फुटतात, म्हणून पूर्वी डोंगर तोडून काही वर्षं मोकळा सोडला की पुन्हा भरायचा. आता डोंगर एकदम साफ होतो, खुंट उकरले जातात आणि काजू लागतो. परवानगीच्या कागदावर किती झाडं तोडणार हे असतं. तोडीनंतर त्या जागेवर काय येणार, हे तालुक्याच्या वन कार्यालयात जाऊन विचाराल का? काजू असं उत्तर आलं तर कळवा, त्या तक्रारीवर सही करायला मी चंद्रपुराहून येईन.