‘कलमांनी पोट भरत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

समाजकार्याच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात मानवी हक्क सक्तीने शिकवावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आले. कलमांनी कुणाचं पोट भरत नाही. मुलांना आधी घरभेट, मुलाखत आणि नोंदी धड जमू द्यात. आणि हक्कांचं हे सगळं प्रकरण मुळात पाश्चात्त्य. तुम्ही बावीस वर्षं क्षेत्रात काढलीत, त्यामुळे हे झटकून टाकता येत नाही. म्हणून तर उत्तराला इतके दिवस लागले.

आधी कबुली देतो. सुरुवातीची काही वर्षं मी हा विषय तुम्हाला चीड येते तसाच शिकवला. संयुक्त राष्ट्रांचा १९४८चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, त्यातली ३० कलमं, नागरी-राजकीय आणि आर्थिक-सामाजिक हक्कांचे १९६६चे दोन करार. मुलं घोकून येत, भरपूर गुण मिळवत. त्यातल्याच एका वर्षी वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचा क्षेत्रकार्याचा अहवाल माझ्यासमोर आला. पडल्यामुळे चालणं कायमचं अवघड झालेल्या एका आजींना निवासी केंद्रात हलवायचं ठरत होतं. मुलाचं म्हणणं, डॉक्टरांचं मत, खर्चाचा हिशेब, केंद्रातली रिकामी जागा, सगळं सात पानांत नेटकं मांडलेलं. आजींचं मात्र एकही वाक्य नाही. विचारलं तर म्हणाली, “त्यांना विचारायचं राहिलंच, सर.” माझी लाज पुढेच आहे. हे लक्षात येण्याआधी मी अहवालावर ‘उत्तम’ लिहून मोकळा झालो होतो.

आता सांगा, ही चूक हक्कांच्या विषयातली की मुलाखतीच्या कौशल्यातली? मला तरी त्या दोन वेगळ्या काढता येत नाहीत. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६चा करार घ्या. कलम १२ सांगतं की निर्णय घेताना आधार लागला, म्हणून निर्णयाचा अधिकार जात नाही. कलम १९ म्हणतं, कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे त्या व्यक्तीला निवडता आलं पाहिजे. हल्ली मी या कलमांचे मुलाखतीतले प्रश्न करून घेतो. तुम्हाला कुठे राहायचंय? तिथे राहायला काय मदत लागेल? ‘नको’ म्हणालात तर पुढे काय होईल, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? तिसरा प्रश्न मुलं हमखास विसरतात.

बालहक्कांच्या १९८९च्या करारात तर दोन कलमं एकमेकांना भिडतात. कलम ३ मुलाचं हित प्राधान्याने बघायला सांगतं. कलम १२ सांगतं, मुलाचं मत ऐका आणि वय, समज पाहून त्याला वजन द्या. मुलगी म्हणते घरी जायचंय, आणि घर सुरक्षित नाही हे तुम्हाला माहीत आहे. या तिढ्यात वर्ग तासभर अडकला तरी मी सोडवायला जात नाही. नोंद मात्र एका पद्धतीने लिहून घेतो : मुलीचे शब्द जसेच्या तसे एका बाजूला, आपण लावलेला अर्थ दुसऱ्या बाजूला, आणि तिचं म्हणणं मानलं नसेल तर त्याचं कारण.

पोटाचं म्हणाल, तर अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार हे सगळं १९४८च्या जाहीरनाम्यातल्या कलम २५ मध्येच आहे. पण तो युक्तिवाद सोडा. अर्ज फेटाळला गेला की तुम्ही मदत मागायला आलेल्या माणसाला ‘पुन्हा येऊन बघा’ म्हणता की नकाराचं कारण लेखी मागता? तुमच्या प्रतिक्रियेवरून तरी कारण लेखी मागत असाल असंच वाटतं. मग तुम्ही हक्कांचंच काम करताय, नाव काहीही द्या.

पाश्चात्त्यपणाबद्दल थोडक्यात. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असा शब्द होता, तो बदलून ‘सर्व माणसं’ व्हावं म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता भांडल्या. आणि नुसत्या कौशल्यावर विसंबायचं, तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांचं काय झालं ते आठवा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना आईबापांपासून तोडलं गेलं, तेही ‘त्यांच्या भल्यासाठी’, आणि त्यात कल्याण खात्याचे कर्मचारी होते. घरभेटी होत होत्या, नोंदीही होत्या. सरकारने माफी मागितली ती २००८ मध्ये.

तुमचं एक वाक्य मात्र मला अजून छळतंय : “वर्गात हक्क शिकवता आणि मुलांना अशा संस्थेत पाठवता, जिथे वरिष्ठांना प्रश्न विचारायची सोय नाही.” संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क शिक्षणावरच्या २०११च्या जाहीरनाम्यात हक्कांविषयीचं, हक्कांसाठीचं आणि हक्कांच्या मार्गाने, म्हणजे शिकणाऱ्यांचे हक्क पाळून दिलेलं, अशा तिन्ही प्रकारचं शिक्षण अपेक्षित आहे. तिसऱ्यात आम्ही नापास आहोत. मागच्याच महिन्यात एका विद्यार्थ्याने विचारलं, “क्षेत्रकार्याची संस्था बदलून मागितली तर गुण कापतात का, सर?” मी तो प्रश्न विभागाच्या बैठकीत मांडला. पुढच्या बैठकीत बघू, असं ठरलं.