घरीच आहेस ना?

गोव्यात घरून काम करतो म्हटलं की पुण्याच्या हेड ऑफिसातली मंडळी हमखास विचारतात, "मागे समुद्र का रे?" मी फोंड्याचा. फोंडा तालुक्याला समुद्रकिनाराच नाही. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला जुवारी. मीटिंगमध्ये ऐकू येणारी गाज म्हणजे शेजारच्या काकींचा मिक्सर, हुमणाचं खोबरं वाटणारा. पण हे किती जणांना समजावत बसणार? "भरती आहे," म्हणतो आणि मोकळा होतो.

घरून काम करण्याचा खरा फायदा फोंडा-पणजी रस्त्यावरून रोज ये-जा केलेल्या माणसालाच कळेल. अंतर जेमतेम तिसेक किलोमीटर. सकाळची खासगी बस "पणजे पणजे" ओरडत भरते आणि भरली तरी ओरडणं थांबत नाही. मंगेशीची कमान आली की हात जोडायचे असतात, पण दांडी सोडली तर पुढच्याच्या डब्यावर पडायची भीती, म्हणून देवाला नुसती मान. भोमला रस्ता एवढा अंग चोरतो की समोरून ट्रक आला की आपणही श्वास आत घेतो. बाणस्तारीच्या पुलावर कंडक्टर "मदीं वचात, मदीं!" करत सगळ्यांना आत ढकलतो. अहो, मध्ये जागा असती तर दारात कोण लटकलं असतं?

जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं शवप्रदर्शन दहा वर्षांनी एकदा असतं. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. जगभरातून भाविक त्याच रस्त्याला लागले, आणि मी घरच्या सोप्यात पाय पसरून हिशेब तपासत होतो. यापरता प्रसाद कोणता?

शिवाय जेवण. डब्यातली थंड भाजी गेली, ताटात वाफाळती उकडी तांदळाची शितं आणि बांगड्यांचं हुमण आलं. त्यानंतर डोळा लागतो. पुण्याच्या साहेबांना दुपारची झोप समजावून सांगावी लागत नाही, हेही नशीबच म्हणायचं.

मासेवाला मात्र नेमका मीटिंगच्या वेळेला येतो. त्याच्या स्कूटरचा भोंगा वाजला की मी "एक मिनिट, आवाज तुटतोय" म्हणून अंगणात पळतो, कारण ताजी मुड्डशी आधी काकींच्या हाती लागली तर आपल्या वाट्याला तारले उरतात. जून-जुलैत मासेमारीबंदीचे ६१ दिवस असतात, तेवढ्यात माझ्या कामगिरीबद्दल वरिष्ठांचं मत बरंच सुधारतं. पण तेव्हा पाऊस. माडाचं एक चुडत तारेवर पडलं की वाड्यावरची वीज गेली. मोबाईलला रेंज फक्त तुळशीपाशी. डोक्यावर छत्री, हातात लॅपटॉप, आणि मी तुळशीसमोर उभा राहून जीएसटीबद्दल बोलतोय. रस्त्यावरून जाणारे हल्ली मला बरंच भाविक समजतात.

खरा ताप वेगळाच. घरी असलेला माणूस कामावर आहे, हे वाड्यावर कुणाला पटत नाही. "आयज कामाक वचूंक ना?" "कामच करतोय, काकी." "बरें, मग घराच आसा न्हय? सिलिंडर येतलो, घेऊन दवर." कुणाचं कुरियर माझ्याकडे, कुणाची चावी माझ्याकडे, कुणाच्या माडावर पाडेली चढला की खाली उभं राहून नारळ मोजायचे तेही मीच. बसमध्ये घुसमटायला व्हायचं, पण तिथे निदान नारळ मोजायला कुणी लावत नसे.

नोव्हेंबर आला की पेन्शनवाले. हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून निघतो, आणि हे फक्त मलाच जमतं असा वाड्याचा ठाम समज आहे. मागे आमचे निवृत्त पोस्टमास्तर काका आले ते ऐन मासिक आढाव्यात. मी त्यांना शेजारी बसवून, एका हाताने मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरून, कुजबुजलो, "काका, डोळे मिचकवा." काकांना मोबाईल दिसेना. त्यांना दिसला तो लॅपटॉप, आणि त्यात ओळीने बसलेले साहेबलोक. सरकार हेच असणार, असं समजून त्यांनी टोपी काढली, पाठ ताठ केली आणि एकेकाकडे बघून सावकाश डोळे मिचकवायला सुरुवात केली. शेवटी हातही जोडले.

आढावा थांबला. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट.

संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला. आता पणजीच्या ऑफिसात बोलावणार, हे धरूनच उघडला. लिहिलं होतं: "ते ॲप कोणतं रे? आईचा दाखला राहिलाय. उद्या अकराला तिला कॉलवर बसवतो. तू घरीच आहेस ना?"