चाकरमानी भावाच्या पेशी

गावच्या व्हॉट्सअॅपवर आठवडाभर एकच शब्द फिरतोय: गिनिपिग. बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर एएमएल (वेगाने वाढणारा, अक्यूट प्रकारचा रक्ताचा कर्करोग) पुन्हा उलटलेल्या एका मुलाला डॉक्टरांनी दात्याच्या, म्हणजे भावाच्या, पेशींची ट्रायल सुचवली, आणि कुडाळपासून दोह्यापर्यंत सगळे तज्ज्ञ झाले. मी मँचेस्टरहून दोन ओळी लिहिल्या तर उत्तर आलं, "थंय बसान सांगूक तुझा काय जाता?"

काही जात नाही. पण चूक ती चूकच. एकाने नेक्सकार१९ या कर्करोगावरच्या उपचाराची बातमी टाकून "मुंबईत हेच मिळतं" म्हटलं. हेच नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या त्या उपचारात रुग्णाच्याच टी पेशी (आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून त्यांना सीडी१९ हे पेशीवरचं प्रथिन हुडकायला लावतात. तो बी पेशींच्या (दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) कर्करोगांसाठी. एएमएलच्या पेशींवर सहसा सीडी१९ नसतंच. इथे विषय भावाच्या निरोगी पेशींचा आहे.

आणि तो कालचा नाही. म्युनिकचे डॉक्टर कोल्ब यांनी १९९० मध्ये क्रॉनिक ल्युकेमिया उलटलेल्या तिघांना मूळ दात्याच्या पेशी दिल्याचं प्रसिद्ध केलं, आजार हटला. अक्यूटमध्ये इतकं सरळ जमत नाही. आजार दिवसांत वाढतो, दात्याच्या पेशींना आठवडे लागतात. म्हणून आधी किमोने आजार खाली आणायचा, सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवायची, मग पेशी. ज्याचा पेशीप्रकार (एचएलए) पूर्ण जुळतो अशा भावाच्या असतील तर पहिला डोस बहुधा किलोमागे दहा लाख ते एक कोटी टी पेशी, अर्ध्या जुळणाऱ्याच्या असतील तर लाखाच्या आसपास. मोठ्या डोसची घाई केली तर त्याच पेशी रुग्णाची त्वचा, आतडी आणि यकृत धरतात: यालाच जीव्हीएचडी म्हणतात, दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला.

गिनिपिग म्हणणाऱ्यांनी निदान ट्रायलच्या पहिल्या टप्प्याची रीत बघावी. एका डोसवर तीन रुग्ण. कुणाला गंभीर त्रास नाही, तर पुढचा डोस. एकाला झाला, तर त्याच डोसवर आणखी तीन. दोघांना झाला, की डोस वाढवणं थांबलं. इथे मँचेस्टरला लोक हे सगळं वाचून, चहा पिऊन, सही करतात. (न वाचता करणारेही आहेत, पण ते मी गटावर लिहिलं नाही.) पहिल्या टप्प्याचा हेतू डोस ठरवणं हा असतो, बरं करण्याची हमी नव्हे, हे मात्र घरच्यांना स्पष्ट सांगायलाच हवं. भारतात २०१९च्या नियमांनी ट्रायलमुळे झालेल्या इजेचा उपचार मोफत आहे. सीटीआरआय या ट्रायल नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा, डोसची पायरी विचारा.

माझी खरी भीती वेगळी. पेशी दिल्यावर तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागले, तर गावात "बाहेरचं खाल्लं असेल" म्हणून इलेक्ट्रॉल देतील. जीव्हीएचडीत जुलाब मिलिलिटरमध्ये मोजतात आणि स्टेरॉइड वेळेत लागतं. कुडाळहून कोकणकन्या पकडून पनवेल गाठेपर्यंत रात्र जाते. त्यापेक्षा पहिले शंभर दिवस हॉस्पिटलजवळ खोली घ्यावी, आणि वर्गणी काढायचीच तर त्या भाड्यासाठी.

दुसरी अडचण दात्याची. टी पेशी गोठवलेल्या चालतात. ट्रान्सप्लांटच्या वेळीच जास्तीच्या काढून लहान पिशव्यांत द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवल्या, तर भावाला पुन्हा बोलवावं लागत नाही. एनके (नॅचरल किलर) या दुसऱ्या प्रकारच्या मारक पेशींचं तसं नाही. मिनेसोटातल्या २००५च्या अभ्यासात एएमएलच्या १९ रुग्णांना अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकांच्या एनके पेशी दिल्या, पाच जणांत आजार पूर्ण हटला. पण गोठवून वितळवल्यावर त्यांची मारकशक्ती बरीच घटते. ताज्या हव्यात, तर भाऊ त्याच दिवशी तिथे, तीन-चार तास मशीनला जोडलेला. मस्कतचा भाऊ रजा कुठून आणणार? गणपतीतले दहा दिवस त्याला मिळतात, आणि ल्युकेमिया भाद्रपदाची वाट बघत नाही.

भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. उद्या माझ्याच घरात कुणाला माझ्या पेशी लागल्या, तर माझं पहिलं उत्तर "बँक हॉलिडे धरून बघतो" असंच असणार. "थंय बसान" लिहिणाऱ्याला ते आधीच ठाऊक होतं.