आवाज की हवा?

आमच्या वस्तीच्या समाजभवनात दर शनिवारी रात्री नुकताच गाजलेला एक सिनेमा दाखवतात. तिकीट नाही, दारातल्या डब्यात मर्जीनं काय ते टाकायचं. (माझी मर्जी दहा रुपयांची आहे.) पडदा मोठा, प्रोजेक्टर झकास. पण गाव नागपूर आणि महिना मे, त्यामुळे खरा नायक खिडकीत बसलेला असतो: कूलर.

छातीएवढा उंच, लोखंडी. सुरू केला की वाळ्याचा वास येतो, पहिल्या दोन रांगांवर सडा पडतो आणि पडद्यावरचा माणूस मुका होतो. बंद केला की तो बोलू लागतो आणि आम्ही वाफेवर शिजतो. २०२४च्या मेअखेर इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. पुढे यंत्रातच बिघाड निघाला म्हणे. मला वाटतं, यंत्र बिचारं प्रामाणिक होतं, आमच्या हॉलमधून फिरून गेलं असेल.

"बंद करा ना भाऊ, काही आयकूच नाही येऊन रायलं!"

"काहून? उकडून मरू का आमी?"

हे दर शनिवारी. अपवाद एकदाच, 'झुंड' लावला तेव्हा. त्याचं चित्रीकरणच नागपुरातलं, त्यामुळे तीन तास कुणी अमिताभकडे बघितलं नाही की कूलरकडे. "थांब थांब, मागं घे, ते आपलं दुकान होतं!" यातच मध्यरात्र झाली.

शेवटी तोड निघाली: गाणं, मारामारी आली की कूलर सुरू, संवाद आले की बंद. आणि बोर्डाजवळची खुर्ची माझी होती. तेव्हापासून मी सिनेमा पाहिलेला नाही. नायिकेनं तोंड उघडलं की ही आता बोलणार की गाणार, एवढंच बघत बसायचं. जांभई दिली तरी माझा हात बोर्डावर.

मागच्या शनिवारी खुनाचा सिनेमा होता. दोन तासांनी नायक सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे." मागून पन्नास जण ओरडले, "बंद कर बे!" मी घाईघाईनं बटण दाबलं. प्रोजेक्टरचं.

काळोख झाला. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच. म्हणजे त्या अंधारात नायकानं खुन्याचं नाव घेतलं, पण कूलर जोरात सुरू असल्यानं ते कुणालाच ऐकू आलं नाही. दिवा गार झाल्याशिवाय हा प्रोजेक्टर पुन्हा पेटत नाही. पेटला तेव्हा पडद्यावर श्रेयनामावली सरकत होती. मागं घ्या म्हणावं, तर चौकीदार कुलूप घेऊन उभा.

"कोण होता मग?" शेजारच्या काकूंनी विचारलं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

या शनिवारी माझ्यासाठी खास खुर्ची राखली होती. बोर्डापासून सगळ्यात लांब, कूलरच्या थेट तोंडाशी. हिनं निघताना पिशवीत टॉवेल टाकून दिला.