‘आयती घरं’ हा शब्द खटकला
पोलंडच्या सिलेशिया भागातल्या क्शिझोवा (जर्मन काळातलं क्रायझाऊ) या गावाबद्दलच्या लेखात, तिथल्या जर्मनांना जावं लागल्यावर ‘१९४५ नंतर पोलिश लोकांना आयती घरं मिळाली’ असं म्हटलंय. आयती कसली? पूर्व पोलंडमधला लव्हूफकडचा (आताचं युक्रेनमधलं ल्विव) मुलूख सोव्हिएत युनियनकडे गेला, तेव्हा तिथून गुराढोरांसकट मालगाडीने आलेली कितीतरी कुटुंबं सिलेशियातल्या अशा गावांत वसली. तिथल्याच एका घरात मी चहा प्यायले. आजींच्या फडताळात मिठाचा चिनी मातीचा डबा, त्यावर जर्मनमध्ये ‘झाल्त्स’, म्हणजे मीठ. त्या घरातल्या आधीच्या जर्मन बाईचा. आजींच्या आईने तो जपला. पण जर्मन परत येतील या धास्तीने कित्येक वर्षं स्वतःचं गाठोडं मात्र पुरतं सोडलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिलेल्या कितीतरी पोलिश निर्वासितांची घरंही त्याच पूर्वेकडच्या मुलखात सुटली होती.